मेणाची वडी

माझी बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. तिची राख मी माझ्या हातानं वैनगंगेत सोडली, तेरवी केली, जातभाईंना जेवू घातलं आणि मनात म्हटलं, चला, बाई सुटली. पण बाई सुटली नव्हती. तिचा एक तुकडा चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कपाटात होता. हे मला पोरीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तलावाच्या पाळीवर जाळं उकलत बसलो होतो.

मी ढिवर माणूस. चौथीपर्यंत शाळा, पुढं पाणी. गावचा तलाव, पलीकडं नदी, आणि खाण्यापुरता धान होईल एवढी एक बांधी. एकच पोरगी, ती वरोऱ्याला दिली. जावई माजरीच्या खाणीत कामाला जातो. त्यांना दोन पोरी. असं आमचं सगळं मिळून घर.

बायकोचा आजार आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तिला छातीत गाठ आली ती तिनं लपवली. मला सांगितली तेव्हा गाठ बोराएवढी झाली होती. मी काय केलं, तर हळद आणि चुना कालवून वर लावायला सांगितला. आमच्याकडे मुका मार असो, सूज असो, हळद-चुना लावतात. आठ महिने लावला. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा चंद्रपूरला नेली. तिथं छाती कापली. पाच वर्षं बरी गेली, आणि मग पोट फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले हा दुसरा कॅन्सर, अंडाशयाचा, पहिल्याचा पसरलेला नाही. मला तेव्हा दोन्ही एकच वाटले. माणूस मरतो त्याला पहिला काय आणि दुसरा काय.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या ऑपरेशनचं. शुद्धीवर आली, दोन दिवसांनी पेज प्यायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं.

"अवो, त्याईनं माह्यं कापलं ते कुठी ठेवलं?"

"जाळलं असन."

"असन नाई. पाहून या."

मी गेलो. फरशी पुसणाऱ्या बाईला विचारलं, ती म्हणाली सगळं भट्टीत जाते. भट्टी कुठं ते मी विचारलंही नाही. बाहेर चहा प्यालो आणि परत येऊन सांगितलं की जाळलं, म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं.

"मंग बरं," ती म्हणाली. "मी जाईन तं अख्खी जाईन. अर्धी इथी, अर्धी तिथी, मले नाई जमत. वचन द्या."

मी दिलं.

हे तिचं वेड नव्हतं. आमच्याकडे तलावात कोणी बुडालं की पोलीस ढिवरांनाच बोलावतात. मी स्वतः अकरा माणसं काढली आहेत. मेलेला माणूस घरच्यांच्या हाती अख्खा द्यायचा, ही आमची रीत. एकदा एका माणसाची पायातली चप्पल गाळात राहिली तर त्याच्या बायकोनं मला परत पाण्यात उतरवलं होतं, आणि मी उतरलो होतो. माझ्या बायकोनं हे सगळं पाहिलेलं. ढिवराची बायको, पण स्वतः पाण्याला भ्यायची. जन्मात कधी डोंग्यात बसली नाही. तलावाच्या काठी उभी राहून ओरडायची की जेवायला या.

आता पोरीच्या फोनचं. वरोऱ्याला बायांसाठी तपासणीचं शिबिर होतं, तिथं ही गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं घरात कोणाला काय झालं होतं. पोरीनं सांगितलं आणि बाई लिहिता लिहिता थांबली.

बायकोच्या माहेरचं सांगायचं तर तिच्या आईच्या छातीत गाठ फुटली. थोरल्या बहिणीच्या पोटात पाणी भरलं. भावाला कावीळ झाली ती उतरलीच नाही. मरताना नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की जठराच्या मागं गाठ आहे, पण लोकांनी कावीळच धरली. आणि मग माझी बायको. चार माणसं, चार आजार, म्हणून गावानं चार कारणं काढली. सासूला दृष्ट लागली. मेव्हणीनं उपास मोडला. मेव्हणा दारू प्यायचा. बायकोला तर मीच मारली, सुकट खाऊ घालून घालून, असं माझ्या तोंडावर एक जण बोलून गेला. मी त्याला शिवी दिली, पण घरी येऊन विचार केला की असेलही. आणि त्या घराशी सोयरीक करू नका, करणी आहे, हे तर आमच्या लग्नाआधीपासून बोलत होते.

पोरीला डॉक्टरीणबाईनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कळलं ते तिनं मला फोनवर समजावलं. म्हणाली, चारही आजारांचं मूळ एकच असू शकते. रक्तातच एक खोट असते, ती आईबापाकडून लेकराला येते. छातीत निघते, अंडाशयात निघते, पुरुषाला वेगळ्याच जागी निघते. आणि येईलच असंही नाही. एका लेकराला येते, दुसऱ्याला येत नाही.

मी म्हटलं, करग्यासारखं. धानाच्या बियाण्यात करगा येतो, जंगली धान. रोप दिसायला सारखंच. निंदताना ओळखू येत नाही. लोंबी आली की कळते, आणि तोवर बांधीत पसरलेला असतो. ती म्हणाली हो बाबा, तसंच समजा. आता लोंबी यायच्या आधीच पाहता येते.

मग पाहून घे की, मी म्हटलं.

तर ते इतकं सोपं नव्हतं. आधी आजारी माणसाचं तपासावं लागते, म्हणजे कोणती खोट शोधायची ते कळते. आजारी माणसं तर सगळी गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, आईचं ऑपरेशन झालं होतं का? झालं होतं. मग तुकडा असेल. कापलेल्यातला थोडा भाग मेणात घालून ठेवतात, वर्षानुवर्षं ठेवतात.

"बाबा, आईचा तुकडा हाये अजून," पोरगी म्हणाली. आवाजात आनंद होता.

मी जाळं खाली ठेवलं. मला त्या दिवशी मासे दिसले नाहीत, पाणी दिसलं नाही. मी बायकोला खोटं सांगितलं होतं आणि तिनं ते मरेपर्यंत खरं मानलं.

कागद पोरीनंच केले. पण तुकडा घ्यायला नवऱ्याची सही लागत होती आणि तिच्या सासूचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन. म्हणून मी एकटा चंद्रपूरला जायचं, सही करायची, तुकडा घ्यायचा आणि सरळ वरोऱ्याची बस धरायची, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ती आणि जावई तो नागपूरला नेणार. तिनं मला हे तीनदा सांगितलं, जसं पोराला सांगतात.

एप्रिल महिना होता. आमच्या भागातला एप्रिल कसा असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही, सकाळी दहाला डांबर चपलेला चिकटते. दवाखान्याच्या तळघरात चष्मेवाला एक माणूस होता, वयानं माझ्याहून थोडा लहान. त्यानं लाकडी खणातून एक वडी काढली. आगपेटीपेक्षा लहान, पांढरी, खाली प्लास्टिकची जाळी, कडेला नंबर. पिशवीत घालून माझ्या हातावर ठेवली.

मी विचारलं, "एवढीच?"

तो म्हणाला एवढीच, आणि उन्हात ठेवू नका काका, मेण आहे, वितळेल.

मी पिशवी उजेडात धरली. मेणाच्या आत सुकवलेल्या झिंग्याएवढं काहीतरी होतं, राखाडी. पस्तीस वर्षं मी या बाईबरोबर राहिलो. ओळखू आलं नाही.

घरून मी तोच डबा नेला होता ज्यात तिला दवाखान्यात पेज नेत होतो. डब्यात वडी ठेवली आणि डबा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळला, आम्ही उन्हाळ्यात मासे बाजारात नेतो तसा. बसस्टँडवर आलो. वरोऱ्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. तिच्या बाजूला गडचिरोलीची.

मी गडचिरोलीच्या गाडीत बसलो.

चूक झाली असं नाही, मला पाटी वाचता येते. मी ठरवूनच बसलो. मूलचा स्टँड गेला, सावलीचा गेला, मधेच पोरीचा फोन आला की बसलात का. मी म्हटलं बसलो. कोणत्या बसमध्ये ते तिनं विचारलं नाही. वैनगंगेचा पूल आला तसा मी उतरलो.

उन्हाळ्यात नदी म्हणजे अर्धी रेती. पाणी पलीकडच्या अंगाला एका धारेत, आणि रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या. मी रेती तुडवत धारेपर्यंत गेलो. तळवे भाजत होते. पाण्याच्या कडेला एका झोपडीची सावली होती तिथं बसलो, डबा मांडीवर घेतला, उघडला, परत बंद केला. वचन पूर्ण करायचं तर एक हात हलवायचा होता. पोरीला सांगितलं असतं की वितळली. उन्हाळा आहे, कोणीही मानलं असतं.

झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली. वाडी तिचीच होती. मला कितीतरी वेळ पाहत असावी.

"काय गा भाऊ, डब्यात मासे हायेत का?"

"नाई."

"मंग काऊन असा धरून बसला? पळून जाईन का ते?"

मी सरळ सांगून टाकलं, "बायको हाये."

म्हातारी हसली नाही, घाबरलीही नाही. जवळ आली, डब्यात वाकून पाहिलं. "एवढुशीच?"

"बाकीची तीन सालाआधी इथूनच गेली."

ती माझ्यासमोर रेतीत बसली. मला कोणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून मी सगळं सांगितलं. गाठ, हळद-चुना, भट्टी, वचन, पोरीची तपासणी. म्हातारी मधेमधे झोपडीपुढच्या टरबुजाच्या बिया हातानं पसरवत होती, त्या वाळत घातलेल्या होत्या. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे पोरीले पाह्यजे, आन् तू पाण्यात टाकाले आला."

"वचन देल्लं होतं."

"तिचं लुगडं कोणाले देल्लं?"

"पोरीले."

"अन् पाटल्या?"

"पोरीले."

"मंग हे बी तिचंच हाये. मायचं मागं जे राह्यते ते लेकीचं. तुह्यं त्याच्यात काही नाई." आणि उठता उठता बोलली, "नवरा मेल्यावर बाईले सगळं लोकाईले इचारून करा लागते. बाई मेल्यावर नवरा कोणाले इचारत नाई, घेऊन नदीवर येते."

मला राग आला. ओळख ना पाळख, आणि मला शिकवते. मग राग गेला, कारण ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. तेरवीला बायकोचं लुगडं आणि पाटल्या मी पोरीच्या ओटीत घातल्या तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. तशी रीतच आहे. मग हे तरी वेगळं काऊन? आणि मी तिथं कशाला आलो होतो? वचन पाळायला, का माझं खोटं बुडवायला?

दुपट्टा वाळून कडक झाला होता. तो मी धारेत बुडवला, पिळला नाही, तसाच डब्याला गुंडाळला. निदान नदी दाखवून आणली, असं मनात म्हटलं. म्हातारीनं एक टरबूज माझ्या काखेत दिलं, नातिणींसाठी. पुलावर येऊन उलट्या दिशेची गाडी धरली.

वरोऱ्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पोरगी स्टँडवर उभी. चार तास उभी असावी. माझ्या एका हातात डबा, दुसऱ्या काखेत टरबूज, आणि पायांना नदीची रेती. तिनं खाली रेतीकडं पाहिलं. वरोऱ्याच्या बसमधून आलेल्याच्या पायांना रेती लागत नाही. घरी आल्यावर मी सांगितलं. जेवण वाढता वाढता तिनं पाठ फिरवली आणि म्हणाली, "तुमी टाकलं असतं तं मी तुमाले कधीच काही म्हटलं नसतं बाबा. आन् कधीच इसरली नसती."

एवढंच. मग तिनं डबा फ्रिजमध्ये ठेवला, दुधाच्या बाजूला. तिची सासू डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बाजेवर बसलेली, तिला एका डोळ्यानं नेमकं तेच दिसलं. म्हणाली, "व्याही, आमच्या फ्रिजात इहीण ठेवता का?" त्या रात्री ती चहा बिनदुधाचा प्याली. पण डबा काढा असं म्हणाली नाही.

पुढं वाट पाहणं. मला वाट पाहणं येते, माझा धंदाच तो. पण जाळं टाकून बसणं वेगळं, तिथं नाही आलं तर उद्या येते. आधी मेणातलं कळायला महिना लागला. खोट सापडली. म्हणजे करणी नव्हती, दृष्ट नव्हती, सुकट नव्हती. मग पोरीचं रक्त घेतलं, त्याला आणखी काही आठवडे. ती खोट तिच्यात निघाली तर ती काय करणार हे तिनं ठरवून ठेवलं होतं. अंडाशय काढून टाकणार, छातीची दरवर्षी तपासणी, आणि पोरी मोठ्या झाल्या की त्यांचीही. मला हे सगळं ती भाजी निवडता निवडता सांगायची. मला तर ऐकवत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती फुगलेल्या पोटाची बाई, आणि तोंड पोरीचं.

धानाचे रोवणे आटोपले होते. मी तलावात छातीभर पाण्यात होतो, जाळं ओढत होतो. फोन पाळीवर, कपड्यांत. वाजला तसा दुसऱ्या ढिवरानं उचलला आणि मला ओरडून सांगितलं की पोरगी आहे. मी जाळं सोडून बाहेर आलो.

"बाबा, नाई."

"काय नाई?"

"माह्यात नाई. आईचं ते माह्यात आलंच नाई. म्हंजे पोरीयच्यातही येनार नाई."

मी तिथंच चिखलात बसलो. दुसरा ढिवर विचारत होता कोण मेलं. मी म्हटलं कोणी नाही मेलं, बापा, जाळं पाहा. तोवर जाळ्यातले अर्धे मासे निघून गेले होते, तो मला शिव्या देत होता आणि मी हसत होतो. घरी जाऊन भात शिजवला, वाघूर मासे चिरून रस्सा केला आणि ताट भरून जेवलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा दोनदा भात घेतला. कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्याआधी एक दिवस मला तो आनंद माझ्याजवळ ठेवायचा होता.

पुढच्या वेळी पोरीबरोबर मी नागपूरला गेलो, मुद्दाम. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईला मला एक विचारायचं होतं. मी विचारलं, मी आठ महिने हळद-चुना लावला, त्यानं ती मेली का? बाई चांगली होती, गोड बोलून टाळलं नाही. म्हणाली, लवकर आणली असती तर छातीचा इलाज सोपा गेला असता. पण पोटातला वेगळा होता, तो त्या खोटीतूनच आला, तुमच्या हळदीनं नाही. आणि ती खोट तुम्ही दिली नाही, तिच्या आईनंही जाणून दिली नाही.

मी हिशेब असा लावला की अर्धं ओझं उतरलं. अर्धं माझं आहे, ते मी ठेवतो. पण अर्धं उतरलं तरी माणूस किती सरळ चालतो, ते त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कळलं.

सगळंच गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मेव्हण्याला दोन पोरं. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. धाकटा म्हणाला मला काही झालं नाही, मी कशाला तपासू, आणि अजून गेला नाही. थोरला गेला. त्याच्यात ती खोट निघाली. आज तो धडधाकट आहे, ठरलेल्या वेळी तपासायला जातो, बायकोनं कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवली आहे. मी त्याच्या घरी भीत भीत गेलो होतो, तर तोच म्हणाला, "मामाजी, बाप जित्ता असून काही सांगून नाई गेला. आत्याबाई मरून सांगून गेली." मी त्याच्या घरी चहा प्यालो. दोन कप.

तपासणी झाली तसा दवाखान्यानं वडी परत दिली. त्यांनी पातळ पातळ खरवडून घेतलेली, थोडी झिजलेली. पोरीनं डॉक्टरांना विचारलं की पुन्हा लागेल का. ते म्हणाले नाही, जे कळायचं ते कळलं, आता घरच्यांची मर्जी. मग ती माझ्याकडं वळली. "बाबा, आता तुमचं वचन."

कार्तिकात वैनगंगेवर गेलो, पाणी निवळल्यावर. ह्या वेळी मी तिला डोंग्यात बसवलं. मायसारखी तीही पाण्याला भिते. एवढं मात्र आईचं तिच्यात आलं आहे. दोन्ही हातांनी काठ धरून बसली. मी डोहात डोंगा नेला, चाकूनं मेण प्लास्टिकच्या जाळीतून सोडवलं, कारण नदीत प्लास्टिक कशाला, आणि वडी तिच्या हातात दिली. तिनं ओंजळीनं पाण्यावर ठेवली.

वडी बुडाली नाही.

मेण ते. बदकासारखं तरंगायला लागलं. डोहात पाणी गोल फिरते, तशी वडी गोल फिरून डोंग्याला येऊन लागली. पोरीनं हलकंच ढकलली. परत आली. मी वल्ह्यानं ढकलली, पुन्हा आली. जन्मभर पाण्याला भ्यायलेली बाई, आणि बुडायचं नाव घेत नव्हती. पोरगी आधी रडत होती, मग हसायला लागली, हसता हसता डोंगा हलला तशी तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "आई म्हनून राह्यली का जेवाले या."

मग मी जाळ्याच्या कडेचं एक शिसं तोडलं. जाळं तळाला बसावं म्हणून कडेनं शिशाचे मणी ओवलेले असतात, त्यातलं एक. जाळ्याच्याच दोऱ्यानं वडीला बांधलं, दोन गाठी मारल्या आणि पोरीच्या हातात दिलं. तिनं सोडलं. ह्या वेळी सरळ खाली गेलं. पाणी निवळ होतं, बराच वेळ पांढरं दिसत राहिलं.

त्या जागी मी अजून दुसरं शिसं लावलेलं नाही. जाळं तिथं जरा उचलून राहते आणि दोनचार मासे खालून निसटून जातात. सोबतचे ढिवर म्हणतात, काऊन गा, शिसं काऊन नाही लावत? मी म्हणतो लावीन. जातात ते जाऊ दे.